डाळं, शेंगदाणे, खजूर: वेंगुर्ल्याच्या दमट हवेतल्या बिनसाखरेच्या कुकीज

पहिला घाणा सासूबाईंच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो दोन बोटांत दाबून बघितला आणि म्हणाल्या, "बिस्कुट म्हणूचा तर मऊ, लाडू म्हणूचो तर चपटो! ह्या काय केलंस गो?" वय ८२, जिभेला धार तशीच. त्यांच्या काळी रवा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत न्यायची आणि भट्टीतून नानकटाईचे पत्र्याचे डबे भरून आणायचे. त्या चवीशी माझी स्पर्धा नव्हतीच. ह्यांच्या रक्तातली साखर वाढली आणि चार वाजताच्या चहाबरोबरची खारी-बिस्किटं बंद झाली, म्हणून मी ओटीजीपाशी, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनपाशी, उभी राहिले.

तो घाणा फसला, कारण मी नेहमीच्या कृतीतली साखर नुसती वगळली होती. साखर फक्त गोडीसाठी नसते. भट्टीत ती वितळते, त्यामुळे कुकी आपोआप पसरते. गार झाली की तीच कडक होते, म्हणून कुरकुरीतपणा येतो. रंगही बराचसा तिचाच. ती काढली की ही तिन्ही कामं दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्यावी लागतात.

गूळ घालून "बिनसाखरेचं" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. गुळातही मुख्यतः साखरच असते, मधातही. खजुरातही असते, हे मी आधीच सांगून टाकते: १०० ग्रॅम बिनबियांच्या खजुरात साधारण ६५ ग्रॅम. फक्त ती वरून घातलेली नसते आणि सोबत चोथा येतो. म्हणून ह्यांना दिवसाला दोनच कुकीज, तिसरी मागितली तरी नाही.

आता प्रथिनं. आम्ही वेंगुर्ल्याचे, आवारात वेंगुर्ला-४ ह्या काजूच्या जातीची दोन झाडं, त्यामुळे सगळं काजूतच करायचं असं मनात होतं. पण आकडे बघितले तर शेंगदाणा पुढे निघाला: १०० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण २५ ग्रॅम प्रथिनं, काजूत १८. पंढरपुरी डाळ्यात २० ते २२. नाचणीत सातच, पण ती कॅल्शियमची खाण, आणि तिच्याशिवाय घरातल्यांना ही कुकी "आपली" वाटत नाही. तेव्हा काजू चवीपुरता. त्यासाठी अख्खा गर वापरू नका, पाकळी किंवा कणी स्वस्त पडते आणि कुटायचे श्रम वाचतात.

भाच्याने पुण्याहून व्हे प्रोटीनचा, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांच्या पुडीचा, डबा आणला होता. दोन चमचे घातले तेव्हा बरं लागलं, अर्धी वाटी घातली तेव्हा कुकी चपलेच्या तळासारखी झाली. डाळं-शेंगदाण्याने काम होत असताना मला त्या डब्याची गरज दिसली नाही.

साधारण २० कुकीजसाठी माझं माप असं: डाळं १०० ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे १००, नाचणीचं पीठ ५०, काजूकणी ३०, सुक्या खोबऱ्याचा कीस २०, बिया काढलेला खजूर १००, तूप दोन मोठे चमचे, एक अंडं, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, वेलची आणि थोडं जायफळ. वजनकाटा नसेल तर एक घ्याच, वाटीच्या मापाने डाळ्याचं पीठ दर वेळी वेगळं भरतं. सगळी प्रथिनं मिळून ६५ ग्रॅमच्या आसपास होतात, म्हणजे एका कुकीत तीन ग्रॅमहून थोडी जास्त. मोठ्या माणसाला दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतात असं आयसीएमआर ही वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था सांगते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. ह्यांचं त्यावर म्हणणं, "मग बांगडाच खातो की." खरं आहे, पण बांगडा चहात बुडवता येत नाही.

शेंगदाणे एका दाण्याची चव घेतल्याशिवाय वापरू नका. पावसाळ्यात ते लवकर खवट होतात आणि एक खवट मूठ सगळा घाणा घालवते. नाचणीचं पीठ मंद आचेवर पाच-सहा मिनिटं कोरडं भाजून घ्या, कच्चट वास जातो. डाळं आधीच भाजलेलं असतं, म्हणून मी बेसन टाळते. ते नीट भाजलं नाही तर कुकीला झुणक्याची आठवण येते. डाळं बारीक दळून चाळून घ्या.

शेंगदाण्याचे दोन भाग करा, ह्यात सगळी मेख आहे. अर्ध्याचं थांबून थांबून जाडसर कूट करा. उरलेला अर्धा मिक्सरमध्ये तेल सुटून गोळा होईपर्यंत फिरवा. मध्येमध्ये भांडं उघडून कडा खरवडा, चार-पाच मिनिटं लागतात. हे लोणी तुपाची जागा घेतं, म्हणून दोनच चमचे तूप पुरतं. खजूर चार मोठे चमचे गरम पाण्यात अर्धा तास भिजवून त्याच पाण्यासकट वाटा. पाणी ओतून टाकलं तर गोडीही जाते.

तूप, शेंगलोणी, खजूर आणि अंडं एकत्र फेटा, मग कोरडं सगळं घाला. गोळा पुरणासारखा व्हायला हवा. लगेच कोरडा वाटला तरी दूध ओतू नका, उलट वीस मिनिटं झाकून ठेवा. नाचणी आणि डाळं पाणी सावकाश पितात, आणि मी तीनदा ह्याच घाईत दूध ओतून फसले आहे. वीस मिनिटांनीही भेगा पडत असतील तर एक चमचा दूध. अंडं नको असेल तेव्हा एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवून आणि वर दोन चमचे दूध घाला. दोन्ही पिठांत चिकटपणा नसल्याने काहीतरी धरून ठेवणारं लागतंच.

लिंबाएवढे गोळे करा आणि वाटीच्या बुडाने चपटे करा, अर्ध्या बोटाइतके जाड. ह्या कुकीज भट्टीत पसरत नाहीत, ठेवाल त्याच आकारात निघतात. ओटीजी १६० अंशांवर दहा मिनिटं तापवून मधल्या कप्प्यात १६ ते १८ मिनिटं. १८० वर खजूर कडेने करपतो आणि आत मऊच राहतं. बाहेर काढताना त्या मऊ असतात, तेव्हा हात लावू नका, जाळीवर गार झाल्यावरच धरतात. नानकटाईसारख्या खुसखुशीत होणार नाहीत. कडा कुरकुरीत, मध्ये दाट, इतकंच.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मीठ पसरून त्यावर स्टँड, वर ताटली, झाकण घट्ट. दहा मिनिटं तापवा, मग मंद आचेवर २२ ते २५ मिनिटं. खालून लवकर भाजतात, विसाव्या मिनिटाला एक उलटून बघा.

खजुराऐवजी पिकलेली वेलची केळी घालून बघितली. साखर बरीच कमी होते, पण कुकी इडलीसारखी मऊ होते आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. केली त्या दिवशीच संपवणार असाल तर करा. कुळथाचं पीठ खजुराबरोबर घालू नका, जेवणातली कुळथाची पिठी गोड झाल्यासारखी लागते. मात्र खजूर वगळून, ५० ग्रॅम डाळ्याच्या जागी कुळथाचं पीठ, वर जिरं, मिरी, मीठ आणि मळायला ताक घेतलं तर खारी कुकी फक्कड होते. सासूबाईंनी तिच्यावर अजून एकही शेरा मारलेला नाही, म्हणजे आवडली.

साखर नाही म्हणजे टिकवण्याचा एक आधार गेला. थंडीत बाहेरच्या बरणीत चार दिवस राहतात. जून ते सप्टेंबर दुसऱ्या दिवशीच सादळतात, म्हणून थेट फ्रीजमध्ये, हवाबंद डब्यात, आठवडाभर. सादळलेल्या १५० अंशांवर पाच मिनिटं ठेवल्या की कडा परत येतात. अर्थात वीज असेल तर. नाहीतर बिडाच्या तव्यावर, अगदी मंद आच, दोन्ही बाजूंनी.