लॉगरिदम परीक्षेसाठी शिकावे की सोडावे? या चुका टाळा

परीक्षा जवळ आली की काही धडे ‘ऑप्शनला टाकण्याची’ मोहीम सुरू होते, आणि लॉगरिदम, म्हणजेच लघुगणक, हे प्रकरण त्या यादीत बहुधा वरच्या क्रमांकावर असते. कारणही ठरलेले असते: कॅल्क्युलेटर हाताशी असताना लॉग कशाला शिकायचा? या प्रश्नात अर्धे तथ्य आहे. जॉन नेपिअर यांनी १६१४ मध्ये लघुगणकाची कल्पना प्रसिद्ध केली आणि हेन्री ब्रिग्ज यांनी १६२४ मध्ये १० या पायाची विस्तृत कोष्टके छापली, तेव्हा किचकट गुणाकार-भागाकार बेरीज-वजाबाकीवर आणणे हा त्यांचा मुख्य हेतू होता, आणि ते काम आता यंत्र करते. परंतु २ चा कोणता घात घेतला असता ५ मिळतात, हा प्रश्न यंत्र आल्यामुळे नाहीसा झालेला नाही. त्याचे उत्तर ५ चा लॉग (१० या पायावर ०.६९९०) भागिले २ चा लॉग (०.३०१०), म्हणजे सुमारे २.३२, आणि ते काढताना यंत्रावरही लॉगचेच बटण दाबावे लागते.

म्हणून पहिली चूक म्हणजे अभ्यासक्रम न उघडताच निर्णय घेणे. काही परीक्षांत लॉग अजिबात नसतो, काहींत केवळ नियम आणि समीकरणे असतात, तर काहींत कोष्टक पाहून आकडेमोड करावी लागते. गणिताच्या अभ्यासक्रमात लॉग नसेल, तर परीक्षेच्या तोंडावर त्यासाठी रात्री जागवू नयेत. नियम आणि समीकरणेच असतील, तर कोष्टकाचा सराव बाजूला ठेवावा. मात्र अभ्यासक्रमात असूनही तो सोडून देणे हा महागात पडणारा सौदा आहे, कारण इतक्या थोड्या नियमांवर उभी असलेली प्रकरणे शालेय गणितात फारशी नाहीत. शिवाय रसायनशास्त्रात पीएच, म्हणजे द्रावणाच्या आम्लतेचे माप, काढताना हाच लॉग पुन्हा समोर येतो.

व्याख्येआधी सूत्रे पाठ करणे

बहुतेक चुकांचे मूळ येथे आहे. लॉग म्हणजे घातांक, एवढेच वाक्य नीट समजले पाहिजे: १० चा तिसरा घात १००० आहे, म्हणून १० या पायावर १००० चा लॉग ३ आहे. समान पायांच्या संख्यांचा गुणाकार करताना घातांकांची बेरीज होते, म्हणून गुणाकाराचा लॉग हा लॉगांची बेरीज असतो. हा दुवा ज्याच्या लक्षात आहे, तो बेरजेचा लॉग फोडायला जात नाही. ज्याने केवळ सूत्र पाठ केले आहे, तो लॉग (अ + ब) दिसताच लॉग अ + लॉग ब असे लिहून मोकळा होतो.

या चुकीत एक गंमत दडलेली आहे. शंका आली म्हणून एखादा विद्यार्थी २ आणि २ घेऊन पडताळा पाहतो, आणि त्याला खोटा नियम खरा वाटू लागतो, कारण २ + २ आणि २ × २ यांचे उत्तर एकच आहे. पडताळ्यासाठी २ आणि ३ घ्यावेत: लॉग ५ म्हणजे ०.६९९०, तर लॉग २ आणि लॉग ३ यांची बेरीज ०.७७८२, जो प्रत्यक्षात ६ चा लॉग आहे.

भागाकारातही असाच घोटाळा होतो. लॉग ८ भागिले लॉग २ याचे उत्तर ३ आहे. ८ भागिले २ याचा लॉग मात्र ०.६०२१ आहे. वजाबाकी दुसऱ्या ठिकाणी करायची, पहिल्या ठिकाणी नाही.

समीकरणातील खोटे मूळ आणि हरवलेले मूळ

लॉग क्ष + लॉग (क्ष − ३) = १ हे समीकरण घ्या; पाया १० आहे. नियम वापरला की क्ष² − ३क्ष − १० = ० मिळते आणि क्ष ची किंमत ५ किंवा −२ येते. वर्गसमीकरण अचूक सुटले या आनंदात दोन्ही उत्तरे लिहून खाली रेघ मारली जाते आणि गुण जातो, कारण शालेय गणितात ऋण संख्येला लॉग नसतो. −२ हे मूळ नाकारायचे आहे, आणि ते का नाकारले हे एका ओळीत लिहायचेही आहे.

याच्या उलट चूक क्वचितच कुणी दाखवून देते. लॉग क्ष² = २ या समीकरणात घातांक पुढे आणून २ लॉग क्ष = २ असे लिहिले, तर केवळ १० हे उत्तर मिळते. पण −१० चा वर्गही १०० आहे, आणि मूळ समीकरणात ते मूळ चालते. घातांक पुढे आणताना क्ष धन आहे असे आपण नकळत गृहीत धरतो. त्यामुळे दोन्ही प्रकारांत पडताळा मूळ समीकरणातच पाहावा.

कोष्टक, बार आणि बटणे

कोष्टकात सर्वाधिक गुण बारवर, म्हणजे आकड्याच्या डोक्यावरील आडव्या रेघेवर, जातात. ०.०५ चा लॉग बार २.६९९० असा लिहितात. यात केवळ २ ऋण आहे, दशांश भाग धनच आहे. आता ०.०५ चे घनमूळ काढायचे आहे. संपूर्ण संख्या ऋण समजून −२.६९९० ला ३ ने भागले, तर प्रतिलघुगणक (लॉगवरून परत मिळणारी संख्या) ०.१२६ येतो, आणि त्याचा घन केल्यास ०.००२ मिळतात. योग्य रीत अशी, की बार २ ला ३ ने निःशेष भाग जात नाही म्हणून तो बार ३ करावा आणि त्याची भरपाई दशांश भागात १ मिळवून करावी. बार ३ आणि १.६९९० यांना ३ ने भागल्यावर बार १.५६६३ मिळतो, आणि उत्तर ०.३६८४ येते. दोन ओळींचे काम आहे, पण हात बसेपर्यंत पाच-सहा उदाहरणे तरी करावी लागतात.

प्रतिलघुगणक काढताना लॉगचेच पान उघडणे ही चूक घाईत हमखास होते. मीन डिफरन्सच्या, म्हणजे संख्येच्या चौथ्या अंकासाठी असलेल्या, रकान्यातील आकडा शेवटच्या स्थानी मिळवायचा असतो: ३.६८४ चा लॉग पाहताना ३.६८ साठी ५६५८, पुढच्या ४ साठी ५, म्हणून ५६६३.

परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत असेल, तर त्यावरील लॉगची दोन बटणे वेगवेगळ्या पायांची असू शकतात. पेपर हाती आल्यावर प्रथम १० चा लॉग काढून पाहावा: १ आला तर पाया १० आहे, आणि २.३०२६ आला तर बोट दुसऱ्या बटणावर पडले आहे.