पालकांसमोर शाळेची प्रगती मांडताना या चुका टाळा

शाळा सुरू झाली की नव्या मुख्याध्यापकांचे फोन सुरू होतात. "सर, शाळा विकास आराखड्याचा तयार नमुना असेल तर टाका ना ग्रुपवर." मी नमुना टाकत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत बावीस वर्षं काढली आणि आराखडा, पालकसभा, प्रगतीचे आकडे यांत त्याच त्या चुका पाहिल्या. त्यांतली सगळ्यात वाईट चूक माझ्याच हातून झाली, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

टक्क्यांत बोलणं

माझ्या तिसरीचा पट १३ होता. ऑगस्टमध्ये मी दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला दिला, तेव्हा सलग वाचणारी मुलं ६ निघाली. म्हणजे ४६ टक्के. जानेवारीत पुन्हा तपासलं. हजर १० मुलं, वाचणारी ७. म्हणजे ७० टक्के. पालकसभेत फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, '४६ वरून ७०'. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले.

मागे बसलेल्या एका आजीनं विचारलं, "गुरुजी, माझी नात ह्यात धरली का? ती तर दिवाळीपासून आईबापासंगं कारखान्यावर हाय."

धरली नव्हती. तीन मुलं ऊसतोडीला गेली होती आणि त्या तिघांनाही ऑगस्टमध्ये वाचता येत नव्हतं. ती वर्गातून गेली म्हणून माझा आकडा चढला. पाच महिन्यांत नव्यानं वाचायला शिकलेलं मूल होतं फक्त एक. आजीला मी "आल्यावर बघू" म्हणालो आणि वेळ मारून नेली. त्याची मला आजही लाज वाटते. जी मुलं शिक्षणातून निसटण्याच्या सगळ्यात जवळ होती, त्यांना मी हिशेबातूनच काढून टाकलं होतं.

पुढच्या सभेत आकडे पुन्हा लिहिले. १३ पैकी ७ वाचतात, ३ इथं आहेत पण वाचत नाहीत, ३ बाहेरगावी, त्यांची तपासणी बाकी. मला वाटलं होतं लोक चिडतील. चिडलं कुणी नाही. उलट हंगामी वसतिगृहावर, म्हणजे आईबाप ऊसतोडीला गेले तरी मुलं गावातच राहावीत यासाठीच्या सोयीवर, त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून चर्चा झाली. पुढच्या हंगामात कोणती मुलं आजीआजोबांकडे राहू शकतील, याची यादी पालकांनीच करून दिली. ती नात पुढच्या वर्षी गावातच राहिली.

तेव्हापासून माझी सवय अशी. ऑगस्टच्या यादीवर जितकी नावं, तितकाच पट वर्षभर धरायचा. मूल गेलं तरी ओळ खोडायची नाही. टक्के पालकांसमोर काढायचेच नाहीत, 'इतक्यांपैकी इतकी' असं सांगायचं. १३ च्या वर्गात एक मूल म्हणजे जवळजवळ ८ टक्के. एक मूल तापानं घरी राहिलं तरी शाळेची प्रगती वर-खाली दिसते, मग अशा आकड्यानं पालकाला काय कळणार?

आणि आकड्याच्या आधी मूल वाचून दाखवू दे. प्रत्येक आईला तिच्या मुलाशेजारी बसवतो आणि पाच ओळी वाचायला लावतो. स्वतः शाळेत न गेलेल्या बाईलाही लेकरू कुठं अडखळलं ते ऐकून कळतं. याला दोन दिवस लागतात. नव्या शिक्षकांना दोन दिवस जास्त वाटतात, अर्ध्या तासात रंगीत स्लाइड दाखवून मोकळं व्हायचं असतं. त्यांना मी एवढंच सांगतो की स्लाइड पाहून एकाही आईनं मला घरी काय करू असं विचारलेलं नाही. मुलाचं वाचन ऐकून मात्र पुष्कळ जणींनी विचारलंय.

दुसऱ्या शाळेचा आराखडा उतरवणं

ग्रुपवरची फाईल घ्यायची, शाळेचं नाव बदलायचं आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सह्या घरोघरी फिरून आणायच्या. एका शाळेच्या आराखड्यात मी 'मुलींसाठी मासिक पाळी मार्गदर्शन कक्ष' वाचलं, शाळा होती चौथीपर्यंतची. कुणीही वाचलं नव्हतं, सही करणाऱ्यांनीसुद्धा.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला. कलम २२ प्रमाणे विकास आराखडा या समितीनं तयार करायचा आहे. मुख्याध्यापकानं तो एकट्यानं रात्री बसून लिहिणं म्हणजे पालकांचं काम त्यांच्या हातातून काढून घेणं. मी कोरा कागद घेऊन बसतो आणि एकच प्रश्न विचारतो: "पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पोरात काय बदल दिसला पाहिजे?" पहिली दहा मिनिटं कुणी बोलत नाही. ती शांतता सहन करायला शिका. घाईनं आपणच उत्तर दिलं की सभा संपली.

'गुणवत्ता वाढवणे' हे उद्दिष्ट नव्हे

लहान मुलांना वाचन आणि गणिताचा पाया यावा म्हणून केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं आणि त्यात तिसरीच्या अखेरीस काय यावं ते स्पष्ट दिलं आहे: मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थ समजून, आणि ९,९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणं. हे घरच्या भाषेत आणा. "दुकानाची पावती वाचता येईल, गोष्ट वाचून सांगता येईल." घड्याळ लावून मोजणी मी पालकांसमोर करत नाही. पोरं शर्यत लावल्यासारखी धावतात आणि अर्थ मागे पडतो.

उद्दिष्टं तीनच ठेवा. मी बारा उद्दिष्टांचे आराखडे पाहिलेत, त्यांत पुरी होतात ती फक्त रंगरंगोटीची, कारण पैसे खर्च झाले की ते काम झालं असं धरतात. ३१ ते १०० पटाच्या शाळेला 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतून वर्षाचं संयुक्त अनुदान, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाचा एकत्रित निधी, २५,००० रुपये ठरलेलं आहे. त्यात किमान १० टक्के स्वच्छतेला, शिवाय खडू, किरकोळ दुरुस्ती. हा हिशेब उद्दिष्टांच्या शेजारी त्याच फळ्यावर लिहा. गावात शंका पैशावरून सुरू होतात आणि त्या मिटवायला फळा पुरतो.

आणखी काही, थोडक्यात

कच्च्या मुलांची नावं सभेत घेऊ नका, कधीच. त्या आईला पुढच्या सभेला आणायला दोन वर्षं लागतात.

'आकारिक', 'संकलित', 'अध्ययन निष्पत्ती' हे मूल्यमापनाचे कागदी शब्द कार्यालयात ठेवा.

न झालेलं काम आधी सांगा. शेवटी सांगितलं की लपवल्यासारखं वाटतं.

निरोप फक्त मोबाईल ग्रुपवर टाकू नका. फोन बापाच्या खिशात असतो आणि सभेला यायचं असतं आईला. पोराच्या हातून चिठ्ठी आणि आदल्या संध्याकाळी वस्तीवर एक चक्कर, माझं एवढं ठरलेलं.

इतिवृत्त सभेतच लिहून मोठ्यानं वाचा, मगच सह्या घ्या.

आणि वेळ. खुरपणीच्या दिवसांत सकाळी अकराला सभा ठेवायची आणि वर 'पालक उदासीन आहेत' असा शेरा लिहायचा, हे मला अजिबात सहन होत नाही. मजुरी बुडवून कोण येणार? मी संध्याकाळी सातला ठेवतो, मंदिराच्या ओट्यावर, शाळेचा फळा तिथं नेऊन. वर्षाची शेवटची सभा दोनदा घेतो. एक मार्चमध्ये, गावात असलेल्यांसाठी. दुसरी ऊसतोडीच्या टोळ्या परतल्यावर, एप्रिलच्या अखेरीस. त्या दिवशी 'तपासणी बाकी' लिहिलेल्या मुलांना आईबापासमोर वाचायला बसवतो आणि ऑगस्टच्या यादीतली रिकामी राहिलेली ओळ भरतो.