सायन्स एज्युकेशनमध्ये पीएचडी करताय आणि डेटा कोकणातून घेणार? या चुका टाळा

सायन्स एज्युकेशनची पीएचडी म्हणजे बीएडचा मोठा भाऊ असं घरच्यांना वाटतं, मलाही पहिलं वर्षभर तसंच वाटत होतं. पण पोरं विज्ञानाचा विचार कसा करतात तेच इथे शोधायचं असतं, मानखुर्दचं होमी भाभा सेंटर 1974 पासून हेच काम करतंय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे इंग्रजी रिसर्च पेपरातली टेस्ट उचलायची, मराठी करायची आणि थेट वर्गात वाटायची. मी हेच केलं. गुहागरकडची एक वाडीवरची शाळा, प्रश्न भरती-ओहोटीचा, खाली चार पर्याय. सातवीतल्या एकाने कशालाच टिक केलं नाही, बाजूला पेन्सिलीने लिहिलं "आज चौथ, तीन वाजता". मी सरळ शून्य दिला. संध्याकाळी त्याचे आजोबा जाळं विणता विणता म्हणाले, अहो तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते, चाराची पाऊणपट तीन! म्हणजे भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते ते यांनी 45 धरून पाठ केलंय. आता चंद्र पाणी का ओढतो हे त्या पोराला माहीत होतं का? देव जाणे, माझ्या टेस्टने विचारलंच नव्हतं.

म्हणून आधी चार-पाच पोरांना शेजारी बसवा, "असं का वाटतं?" विचारा, मगच प्रश्न पक्के करा. टेस्ट घेऊन झाली असेल तर पेपर फेकू नका, परत जाऊन त्याच पोरांशी बोला, आणि काय चुकलं ते मेथडॉलॉजीत, म्हणजे अभ्यास कसा केला त्या प्रकरणात, उघड लिहा, गाइड खात नाही.

दुसरं, ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे पोरांशी बोलल्याचं रेकॉर्डिंग ऐकून टाइप केलेलं, "शुद्ध" करू नका. पोरगी म्हणाली "सुकती लागली", मी टाइप केलं ओहोटी. मग गाइडने विचारलं, पाणी मागे जातं म्हणते की आटतं म्हणते? परत रेकॉर्डिंग ऐकत बसलो, तासाभराच्या ऑडिओला माझे पाच तास जातात.

आणि वेळापत्रक! यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) 2022 च्या नियमात पीएचडीला कमीत कमी 3, जास्तीत जास्त 6 वर्षं, त्यात शिमगा आणि गणपतीत शाळेत कोण भेटणार नाही, जुलैत साकवावरून पाणी असतं. चाळीस पोरांचं सॅम्पल एका शाळेत मिळेल असंही धरू नका, कुठे कुठे अख्खा पटच नऊचा. रेकॉर्डिंग मात्र त्याच रात्री पेनड्राइव्हवर घ्या, पावसात लाइट गेली की दोन-दोन दिवस येत नाही.