घरच्या कोंबुचासाठी टिकाऊ सामान: नागपूरच्या हवेत काय चालतं, काय नाही

कोंबुचा, म्हणजे आंबवलेला गोड चहा, सुरू करणाऱ्याने पहिला पैसा बरणीवर आणि बाटल्यांवर घालावा, आंबटपणा मोजणाऱ्या पीएच मीटरवर अगदी शेवटी. बहुतेक जण आधी तयार किट मागवतात. त्यात पातळ काचेची नळवाली बरणी, प्लास्टिकची चाळणी आणि चार शोभेच्या बाटल्या येतात, आणि लवकरच त्यातलं निम्मं सामान बदलावं लागतं. सामान निवडताना दोन प्रश्न विचारा. ते आतून हाताने किंवा ब्रशने पूर्ण घासता येतं का? त्यातला झिजणारा भाग सुटा मिळतो का? दोन्हीला हो असेल तर ती वस्तू वर्षानुवर्षं चालते.

इथे फक्त कोंबुचाचा विचार केला आहे. बिअर आणि वाइन महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी तयार करणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. कोंबुचातही अल्प प्रमाणात अल्कोहोल तयार होतं, आणि बाटली उबेत जास्त ठेवली की ते वाढतं. त्यामुळे लहान मुलं, गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना देऊ नये.

बरणी

चार ते पाच लिटरची, सरळ भिंतीची, रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या. तोंड किमान १० सेंटीमीटर हवं. दुकानातच मूठ आत घालून पाहा. खांद्याशी निमुळत्या होणाऱ्या बरणीत वरच्या वळणाखाली यीस्टचा तपकिरी थर साचतो, तिथे ब्रश वळत नाही आणि पुढची बुरशी बहुधा तिथूनच येते. काच जाड असली तरी ती साधी असते, उष्णता सोसणारी बोरोसिलिकेट नव्हे, म्हणून गरम चहा थेट ओतला की बुडाशी तडकते.

लोणच्याची जुनी चिनी मातीची बरणी घरात असते आणि वापरायचा मोह होतो. टाळा. कोंबुचा आंबट असतो, आठवडाभर त्याच भांड्यात राहतो, आणि जुन्या झिलईत शिसं असेल तर ते त्यात उतरतं. तांबं, पितळ आणि ॲल्युमिनियम याच कारणाने बाद. कल्हई केली तरी पितळ नकोच.

नळ लावलेली बरणी सोयीची दिसते, पण गळती सुरू होते ती नळाच्या वायसरपाशी. स्वस्त नळ प्लास्टिकचे असतात, वर चकचकीत मुलामा. आम्लाने तो सुटतो. नळ हवाच असेल तर ३०४ प्रतीच्या स्टीलचा आणि सिलिकॉनचे वायसर असलेला घ्या, आणि बरणीत आधी दिवसभर नुसतं पाणी भरून ठेवून गळती तपासा. नळाशिवाय काम अडत नाही. खाद्यपदार्थांसाठीची, आतून ८ मिलिमीटर व्यासाची, दीड मीटर सिलिकॉनची नळी पुरते. ती आतून नीट घासता येत नाही, म्हणून वर्षाकाठी बदला.

एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडणारं, पण बाहेरची हवा आत न घेणारं झाकण) घेऊ नका. कोंबुचाच्या जिवाणूंना हवा लागते. बंद झाकणाखाली आंबटपणा येत नाही, साय, म्हणजे जिवाणू आणि यीस्टचा वर धरणारा जाड थर, धरत नाही.

झाकणाचं कापड

तोंडावर घट्ट विणीचं सुती कापड लावा. मलमल असेल तर चार घड्या. विरळ कापडातून चिलटं आत शिरतात आणि दोन दिवसांत सायीवर अळ्या दिसतात. रबर बँड नागपूरच्या उन्हाळ्यात चिकट होऊन तुटतो, तोही नेमका तुम्ही घरी नसताना. पायजम्याची सुती नाडी दोन वेढे घेऊन बांधा, ती धुताही येते.

चहाचा गंज (पातेलं) आणि मोजमाप

तीन लिटरचा स्टीलचा गंज घरात असतोच, वेगळा घेण्याची गरज नाही. नवा घेणार असाल तर बुडावर ३०४ किंवा १८/८ अशी खूण पाहा. हलक्या भांड्यांत २०२ चं स्टील असतं. ते आंबटात ठिपके धरतं. चुंबक लावून हे कळत नाही, कारण दोन्हींना चुंबक साधारणतः चिकटत नाही. गंजात फक्त चहा करायचा असल्याने हा मुद्दा गाळणी, चमचा आणि फनेलसाठी जास्त महत्त्वाचा. तयार कोंबुचा लागतो तो त्यांना.

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा घ्या. वाटीने मोजलेली साखर दर वेळी वेगळी भरते आणि मग एक खेप आंबट, एक गोड का झाली ते कळत नाही. थर्मामीटर सुईचा, ० ते १०० अंशांचा. घेतल्यावर तपासा: बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी यात ० दिसायला हवं. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, म्हणून उकळत्या पाण्यात ९९ दिसलं तर तो बरोबर आहे, परत करायला जाऊ नका.

पीएचसाठी (आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) सुरुवातीला पट्ट्या पुरतात, पण अरुंद टप्प्याच्या, साधारण ३ ते ४.५ दाखवणाऱ्या. १ ते १४ वाल्या पट्टीवर ३ आणि ४ मधला फरक डोळ्याला दिसत नाही. मीटर घेतला तर ४ आणि ७ च्या बफरने (ठरावीक पीएचच्या द्रावणाने) वेळोवेळी जुळवावा लागतो, टोक साठवणीच्या द्रावणात भिजत ठेवावं लागतं, डिस्टिल्ड पाण्यात तर कधीच नाही. एवढी काळजी घेऊनही त्याचा इलेक्ट्रोड दोनेक वर्षांत म्हातारा होतो.

पहिली खेप

१. एक लिटर पाणी उकळा, गॅस बंद करून १२ ग्रॅम साधा चहा घाला. मसाल्याचा किंवा वेलचीचा नको, त्यातल्या तेलांचा साईला त्रास होतो. दहा मिनिटांनी गाळा.

२. २०० ग्रॅम साखर विरघळवा. साखर कमी करू नका. ती यीस्टचं आणि जिवाणूंचं अन्न आहे.

३. उकळून गार केलेलं १.६ लिटर पाणी मिसळा. उकळल्याने क्लोरीन निघून जातं. मे महिन्यात टाकीचं पाणीच तापलेलं असतं, म्हणून थर्मामीटर ३० च्या खाली दाखवेपर्यंत थांबा.

४. बरणीत ओतून ४०० मिलिलिटर आधीच तयार असलेला आंबट कोंबुचा आणि साय घाला. हे विरजण साईपेक्षा महत्त्वाचं आहे. त्याने पीएच लगेच ४.५ च्या खाली येतो आणि बुरशीला जागा मिळत नाही. पट्टीवर ४.५ च्या वर दिसलं तर आणखी विरजण घाला.

२५ ते २८ अंशांत सात ते दहा दिवस लागतात. पाचव्या दिवसापासून स्वच्छ चमच्याने चव घ्या. पीएच ३ च्या आसपास आला की तयार. पुढच्या खेपेसाठी वरचा ४०० मिलिलिटर काढून ठेवा. सायीखाली लोंबणारे तपकिरी धागे यीस्टचे, ते चालतात. वर कोरडी, लोकरीसारखी हिरवी, काळी किंवा पांढरी वाढ दिसली तर ती बुरशी: सायीसकट सगळं फेका आणि बरणी उकळत्या पाण्याऐवजी कोमटापासून हळूहळू गरम करत धुवा.

उन्हाळा, पावसाळा, थंडी

इथला सगळ्यात मोठा प्रश्न तापमानाचा. खोली ३५ वर गेली की यीस्ट पुढे पळतं, जिवाणू मागे पडतात. चार दिवसांत फसफसणारं, दारूचा वास मारणारं पेय मिळतं आणि साय पातळ राहते. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, त्याचा उपयोग करा. बरणी परातीत ठेवा, परातीत दोन बोटं पाणी घाला, बरणीभोवती ओलं सुती कापड गुंडाळून त्याचं टोक पाण्यात सोडा. कूलरच्या खोलीत, पण झोताच्या थेट समोर नाही. बाष्पीभवनाने आतला द्रव खोलीपेक्षा चांगलाच गार राहतो. हे ओलं कापड बरणीच्या गळ्यापासून चार बोटं खाली थांबलं पाहिजे. वरच्या झाकणाच्या कापडाला ते टेकलं की ओल वर चढते आणि बुरशी धरते.

पावसाळा लागला की ही युक्ती बंद. हवाच ओली असते, काही थंड होत नाही. तेव्हा झाकणाचं कापड दर दोन दिवसांनी बदला, आणि बरणी भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवा. डिसेंबर-जानेवारीत रात्री थंड पडतात. थर्मोकोलच्या पेटीत बरणी आणि शेजारी गरम पाण्याची बाटली पुरते.

बाटल्या

तयार कोंबुचा बाटलीत बंद करून बाहेर ठेवला की आत गॅस साठून दाब वाढतो, म्हणून जपून पैसा घालावा तो इथे. तारेच्या चिमट्याचं झाकण असलेल्या, गोल, जाड काचेच्या, दाब सहन करतील असं सांगूनच विकल्या जाणाऱ्या बाटल्या घ्या. चौकोनी बाटली कितीही सुंदर असो, दाब कोपऱ्यांवर येतो आणि ती फुटते. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटल्यांचंही तेच. चिमट्याच्या बाटलीत झिजतं ते एकच, झाकणातलं वायसर. सिलिकॉनची दहा जादा आणून ठेवा. गॅस टिकत नसेल तर आधी वायसर बदलून पाहा, मग पाककृतीला दोष द्या.

संत्र्याची चव द्यायची असेल तर अर्ध्या लिटरच्या बाटलीत ५० मिलिलिटर रस, वर तीन सेंटीमीटर जागा मोकळी. फोडींवरच्या पांढऱ्या शिरा आणि बिया काढूनच रस काढा, कारण नागपुरी संत्र्याचा रस ठेवल्यावर कडू होतो तो त्यांच्यामुळे. दिवाळीच्या आसपास येणारी आंबिया बहराची संत्री जरा आंबट. फेब्रुवारी-मार्चची मृगाची गोड. गोड रस म्हणजे जास्त साखर, आणि त्याच वेळी ऊनही वाढत असतं, म्हणून मृगाच्या संत्र्याला रस ३० मिलिलिटरवर आणा.

प्रत्येक खेपेतला थोडा कोंबुचा सोड्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत भरा. ती दाबून पाहता येते. टणक झाली की सगळ्याच बाटल्या लगेच फ्रिजमध्ये. थंडीत दोन-तीन दिवस लागतात, मे महिन्यात बारा ते चोवीस तास, त्याहून एक तासही जास्त नको. उघडताना बाटली आधी पूर्ण थंड असावी, मोरीत धरून, वर फडकं टाकून.

धुणं

साबणाचा थर राहिला की पुढची साय रुसते, म्हणून बरणीला साबण कमी, पाणी जास्त. बाटलीतला तपकिरी थर निघत नसेल तर लिटरभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालून रात्रभर भरून ठेवा, सकाळी ब्रशने दोन फिरक्या पुरतात. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर दिसले तर लिंबूसत्त्वाच्या पाण्याने निघतात. स्टीलच्या गाळणीला ब्लीच लावू नका, तिला ठिपके पडतात. चिमट्याच्या तारा बाटलीपासून सुट्या करून वाळवा आणि वायसर काढून वेगळं ठेवा, नाहीतर त्याच्या खोबणीत काळी कड धरते.

महिनाभर गावाला जायचं असेल तर बरणी रिकामी करू नका. साय विरजणात बुडलेली ठेवा, वर कपभर गार गोड चहा घाला, कापड बांधा आणि घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. परतल्यावर तो द्रव फार आंबट असेल, तोच पुढच्या खेपेचं विरजण म्हणून वापरा.