लर्निंग लायसन्सच्या परीक्षेची तयारी कशी करावी

आत्याने वयाच्या ४७व्या वर्षी स्कूटर शिकायचं मनावर घेतलं आणि परीक्षेची तयारी करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. १५ प्रश्न, त्यातले ९ बरोबर आले की पास. ओळखीतल्या एकाने ‘पैसे द्या, परीक्षा आम्हीच देऊन टाकतो’ असं सुचवलं होतं. तिने साफ नकार दिला, आणि मला त्याचं फार बरं वाटलं. लर्निंग लायसन्स हातात आलं की माणूस चालत्या रहदारीत उतरतो, आणि समोरून येणाऱ्याने आपण नियम जाणतो हे गृहीत धरलेलं असतं.

आधी अर्ज. तो परिवहन खात्याच्या ‘सारथी’ पोर्टलवर भरायचा. आधारची पडताळणी झाली तर महाराष्ट्रात २०२१पासून घरी बसूनही परीक्षा देता येते. नाहीतर वेळ घेऊन आरटीओत जायचं. शिकाऊ लायसन्सचे प्रत्येक वाहनप्रकाराला १५० रुपये आणि परीक्षेचे ५०. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचा दाखला (नमुना १-अ) लागतो. वयाची अट १८ वर्षांची. बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी पालकांच्या संमतीने १६.

परीक्षेसाठी मराठी निवडता येते, जरूर निवडा. मात्र तिथली मराठी सरकारी वळणाची असते. अनुज्ञप्ती म्हणजे लायसन्स, पादचारी म्हणजे पायी चालणारा, अग्रक्रम म्हणजे आधी जायचा हक्क. हे शब्द अगोदर ओळखीचे करून घ्या, म्हणजे उत्तर येत असून प्रश्न चुकणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ चिन्हांना द्या. आम्ही स्वयंपाकघराच्या ओट्यावर जुनी वही घेऊन बसायचो. आत्या पालथी वाटी ठेवून गोल काढायची, लाल पेन्सिलीने कड रंगवायची आणि आत चित्र भरायची. तीन-चार दिवसांत तिच्या लक्षात आलं की आधी आकार बघायचा. गोल म्हणजे आज्ञा, ती पाळलीच पाहिजे. लाल काठाचं गोल बहुधा मनाई किंवा मर्यादा सांगतं, निळं गोल ‘असंच करा’ म्हणतं. त्रिकोण पुढच्या धोक्याची सूचना देतो. चौकोनी पाटी माहितीची: पेट्रोल पंप, दवाखाना. वेगळे दोनच, अष्टकोनी ‘थांबा’ आणि उलटा त्रिकोण ‘रस्ता द्या’.

घोटाळा जोड्यांमध्ये होतो. पायी चालणाऱ्या माणसाचं चित्र त्रिकोणात असेल तर पुढे पादचाऱ्यांसाठी क्रॉसिंग आहे. तेच लाल गोलात तिरक्या रेघेखाली असेल तर पादचाऱ्यांना मनाई. गाडी उभी करण्याबद्दलच्या गोल पाटीवर एक तिरकी रेघ म्हणजे पार्किंग नको, दोन रेघांची फुली म्हणजे गाडी क्षणभरही थांबवायची नाही. आत्या या फुलीवर तीनदा चुकली. मग बाजाराच्या वाटेवर दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची असं ठरलं, आणि ती चूक तिथेच संपली.

पुढचा भाग: आधी कोणी जायचं. सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. गोल चौकात आधीच फिरत असलेल्या गाड्या पुढे. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, कारण चढावर एकदा थांबलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड जातं आणि ती मागे सरकू शकते. असं कारण कळलं की उत्तर पाठ करावं लागत नाही. वळणावर आणि अरुंद पुलावर ओव्हरटेक का नको, हेही मग आपोआप सुचतं.

अपघाताचे प्रश्न घाईने उरकू नका. जखमीला दवाखान्यात पोहोचवणं हे चालकाचं पहिलं काम. मदत करणाऱ्या त्रयस्थाला कायद्याने संरक्षण आहे; मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीत त्यासाठी कलम १३४-अ आलं. दारूची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम.

मग पोर्टलवरच्या सराव चाचण्या सोडवा. सलग तीन वेळा १३च्या वर गुण आले की तयारी झाली समजा. घरून परीक्षा देताना कॅमेरा चालू असतो; उजेड चेहऱ्यावर पडेल असं बसा, खोलीत कोणाला येऊ देऊ नका. प्रत्येक प्रश्नाला मोजकेच सेकंद असतात, तरी शेवटचा शब्द वाचल्याशिवाय बटण दाबू नका. ‘करावे’ आणि ‘करू नये’ यात भलेभले फसतात.

पास झालात की शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं, आणि पक्क्या लायसन्सची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते. तोवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा आणि सोबत लायसन्स असलेला शिकवणारा. दुचाकीवर त्याच्याखेरीज कोणालाही मागे बसवायचं नाही. महिनाभर आत्याच्या मागे मीच बसत होते. फुलीची पाटी दिसली की ती अजूनही मोठ्याने वाचायची.