कॉलेजची फी आणि कुटुंबाची सहल : दोन्ही कसं जमवावं

मुलांच्या कॉलेजसाठी पैसे साठवायचे तर वर्षानुवर्षं सुट्ट्या घरातच काढाव्या लागणार, असं अनेक आईवडील धरून चालतात. काही जण याच्या उलट करतात: मुलं लहान आहेत तोवर फिरून घेऊ, फीचं पुढे बघू. मला दोन्ही पटत नाही, कारण बचत आणि प्रवास यांचे हंगाम वेगवेगळे आहेत. मूल अगदी लहान असताना बाजूला टाकलेला पैसा सर्वांत जास्त वाढतो, आणि लांबच्या, महागड्या सहलीतून मुलाच्या पदरात सर्वांत कमी पडतं तेही याच वयात. सात-आठ वर्षांनंतर हे चित्र पालटतं. हे वेळापत्रक ओळखून आखणी केली, तर दोन खर्चांमधली बरीचशी ओढाताण आपोआप कमी होते.

पायरी १ : फीचा आकडा कागदावर आणा

'कॉलेज खूप महाग झालंय' एवढ्या माहितीवर कुणालाच बचत करता येत नाही. आकडा हवा. तुमच्या मनात असलेल्या दोन-तीन प्रकारच्या अभ्यासक्रमांची आजची वर्षाची फी शोधा. तिच्यात राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास, प्रवेश परीक्षा आणि कॉम्प्युटर हे सगळं मिळवा. मूल घरापासून दूर शिकणार असेल, तर फीव्यतिरिक्तचा हा खर्च कित्येकदा फीच्याच तोडीचा असतो. आलेल्या रकमेला अभ्यासक्रमाच्या वर्षांनी गुणा.

आता वाढीचा हिशेब. त्याच कॉलेजची पाच वर्षांपूर्वीची फी मिळते का बघा. तेव्हा १०० असलेली फी आज १४७ झाली असेल, तर ती वर्षाला साधारण ८ टक्क्यांनी वाढते आहे. पुढचं गणित तोंडी होतं: ७२ ला वाढीच्या दराने भागलं, की रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल ते कळतं. हा ठोकताळा इटालियन गणिती लुका पाचोली याच्या १४९४ सालच्या ग्रंथातही सापडतो. ८ टक्क्यांनी फी ९ वर्षांत दुप्पट होते, ६ टक्क्यांनी १२ वर्षांत. मूल आज सहा वर्षांचं असेल आणि फी ६ टक्क्यांनी वाढत असेल, तर ते अठरा वर्षांचं होईल तेव्हा आजच्या १०० च्या जागी २०० लागतील.

हा आकडा बघून पोटात गोळा येतो. म्हणूनच इथे एक निर्णय लगेच घ्या: यातला किती भाग तुम्ही उचलणार? सर्वांत महागड्या कॉलेजचा पूर्ण खर्च हे ध्येय ठेवू नका. मध्यम खर्चाच्या अभ्यासक्रमाची पूर्ण तयारी ठेवावी, आणि त्याहून महाग शिक्षण घ्यायचं ठरलं तर वरची रक्कम शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज किंवा मुलाच्या स्वतःच्या कमाईतून उभी राहावी, हे मला सर्वांत व्यवहार्य वाटतं.

पायरी २ : सहलीला खरोखर किती लागतात ते बघा

सहलीचा खर्च आपण नेहमी कमी धरतो. तिकिटं आणि हॉटेल लक्षात राहतं. निघण्याआधी घेतलेले कपडे, वाटेतलं खाणं, टॅक्सी, प्रवेशशुल्क, भेटवस्तू आणि बिनपगारी रजा विसरली जाते. मागच्या सहलीच्या आधीचा एक महिना आणि नंतरचा एक महिना, एवढ्या काळाचा बँकेचा आणि कार्डाचा खातेउतारा काढा आणि सहलीच्या खर्चांची बेरीज करा. तिला बाराने भागा. सहलीचा हा तुमचा मासिक हप्ता, आणि तो फीसाठीच्या बचतीइतकाच खरा आहे.

पायरी ३ : दोन्हींच्या आधी येणाऱ्या गोष्टी

तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च अडीअडचणीसाठी हाताशी हवा. कमावत्या आईवडिलांचा मुदतीचा आयुर्विमा हवा. कमावतं माणूस गेलं तर फीची सगळी आखणी त्याच्याबरोबर जाते. स्वतःच्या निवृत्तीचा हप्ता थांबवू नये. शिक्षणासाठी कर्ज मिळू शकतं, म्हातारपणी घर चालवायला ते कुणी देत नाही.

पायरी ४ : मुलाच्या वयाप्रमाणे वाटणी बदला

ही पायरी सर्वांत महत्त्वाची, म्हणून आकड्यांसह सांगतो. दोन कुटुंबं धरा. पहिलं कुटुंब मूल जन्मल्यापासून सहा वर्षं दरमहा १,००० बाजूला टाकतं आणि मग थांबतं; जमलेली रक्कम तशीच वाढू देतं. दुसरं कुटुंब पहिली सहा वर्षं काहीच टाकत नाही आणि मग सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत, सलग बारा वर्षं, दरमहा १,००० टाकतं. दोघांनाही वर्षाला ८ टक्के परतावा मिळतो असं मानू. प्रत्यक्षात तो कमी-जास्त होईल. पहिल्या कुटुंबाने खिशातून घातले ७२,०००, दुसऱ्याने १,४४,०००. मूल अठरा वर्षांचं होतं तेव्हा पहिल्याकडे सुमारे २,३९,६०० असतात आणि दुसऱ्याकडे सुमारे २,४०,५००. जवळजवळ सारखेच! निम्मे पैसे घालून पहिलं कुटुंब तिथेच पोचलं, कारण त्याच्या पैशांना वाढायला वेळ मिळाला.

आता प्रवासाच्या बाजूने बघा. मोठ्या माणसांना आठवणाऱ्या सर्वांत जुन्या आठवणी बहुधा साडेतीन वर्षांच्या आसपासच्या असतात. त्याआधीचं फारसं काही राहत नाही. दोन वर्षांच्या बाळाला समुद्र दाखवावा, जरूर दाखवावा, पण तो जवळचा असला तरी त्याला तेवढाच आनंद होतो. लांबच्या विमानप्रवासात त्याची झोप मोडते, खाणं बिघडतं आणि आईवडील थकून परततात. आठ-दहा वर्षांचं मूल मात्र किल्ला, जंगल, संग्रहालय यांना प्रश्न विचारतं. ते चालतं, सामान उचलतं, नकाशा वाचतं, आणि पाहिलेलं वर्षानुवर्षं सांगत राहतं.

म्हणून माझी शिफारस अशी. फी आणि सहल यांसाठी मिळून जी रक्कम निघेल, तिचे पहिल्या सहा वर्षांत पाचातले चार भाग फीकडे आणि एक सहलीकडे वळवा. या काळात सहली जवळच्या, कमी दिवसांच्या, नातेवाइकांकडे जाण्याच्या असू द्यात. सात ते चौदा या वयात निम्मे-निम्मे करा. मोठी, लांबची सहल करायची तर याच वर्षांत. पंधराव्या वर्षापासून पुन्हा फीकडे झुका. या वयात परीक्षा, शिकवण्या आणि मित्रमंडळी यांमुळे सगळ्यांच्या सुट्ट्या एकत्र जुळवणं तसंही अवघड होतं.

चार-एक हा काही शास्त्रीय आकडा नव्हे. तुमच्या घरी तीन-दोन होईल, चालेल. फक्त झुकाव कोणत्या वयात कुणाकडे, हे उलटं होऊ देऊ नका.

पायरी ५ : दोन खाती, दोन हप्ते

पगार झाला की त्याच दिवशी दोन्ही रकमा आपोआप वेगळ्या खात्यांत जातील अशी सोय करा. माणूस पैशांचे मनात कप्पे करतो आणि एका कप्प्यातला पैसा दुसरीकडे वापरायला सहसा धजत नाही, यावर अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी बरंच काम केलं. त्यांना २०१७ साली नोबेल पुरस्कार मिळाला. आपल्या या सवयीचा इथे फायदा करून घ्यायचा. खात्याला मुलाचं नाव आणि 'कॉलेज' असं लिहिलं, की त्यातून हॉटेलचं बिल भरताना हात आखडतो.

सहलीच्या खात्याचा नियम एकच: बुकिंग करायच्या दिवशी त्यात जेवढे आहेत तेवढ्यात बसणारी सहल, आणि त्यातलेही दहा-पंधरा टक्के अनपेक्षित खर्चासाठी राखून. बोनस किंवा थकबाकी हाती आली तर तिची वाटणी कशी करायची तेही आधीच ठरवून ठेवा. पैसे आल्यावर ठरवायला बसलात तर सहल जिंकते.

पायरी ६ : कर्ज काढून सहल नको

इथे मी ठाम आहे. सहलीसाठी १ लाखाचं कर्ज १५ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याला सुमारे ३,४७० हप्ता बसतो आणि एकूण जवळजवळ १ लाख २५ हजार फेडावे लागतात. वरचे २५ हजार गेले, हे तर झालंच. त्याहून मोठं नुकसान हे, की तीन वर्षं तो हप्ता फीच्या खात्याची जागा खातो. क्रेडिट कार्डावर महिन्याला ३ टक्के व्याज असेल आणि काहीच फेडलं नाही, तर चोवीस महिन्यांत थकबाकी दुप्पट होते. यंदा पैसे जमले नाहीत तर यंदा जवळची सहल करावी.

पायरी ७ : खर्च कापा, पण योग्य ठिकाणी

नेदरलँड्समध्ये सुमारे १,५०० लोकांवर केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा अधिक आनंदी दिसले ते मुख्यतः जाण्याआधी! परतल्यावर बहुतेकांमध्ये फरक उरला नव्हता. ज्यांची सुट्टी अतिशय निवांत गेली होती त्यांचाच आनंद काही आठवडे टिकला. यावरून मी दोन गोष्टी घेतो. सहल लवकर ठरवा, म्हणजे वाट बघण्याचे महिने फुकटात मिळतात. आणि दिवस खच्चून भरू नका. सहा ठिकाणांच्या ऐवजी दोन ठिकाणी राहिलात, तर आराम वाढतो आणि प्रवासखर्च घटतो.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून दिसलं, की एखादा अनुभव किती वेळ चालला याला आठवणीत फारसं महत्त्व उरत नाही. त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांवर आठवण ठरते. ते प्रयोग सहलींवर नव्हते, पण सहलीलाही हे लागू पडावं असं मला वाटतं. दहा दिवसांच्या जागी सहा दिवस जा. मुलांना मनापासून हवी असलेली एक गोष्ट, मग ती होडीतली सफर असो की रात्रीचं आकाशदर्शन, पूर्ण पैसे देऊन करा. शेवटचा दिवस धावपळीचा ठेवू नका. पैसे वाचवायचे असतील तर हॉटेलच्या दर्जात वाचवा, गर्दीच्या हंगामाच्या अलीकडे-पलीकडे जाऊन वाचवा, निम्मी जेवणं स्वतः करून वाचवा.

लांबच्या ठिकाणी पोचण्याचा खर्च दोन दिवस राहा की आठ, तेवढाच येतो. त्यामुळे छोटी सहल जवळ, आणि लांबची सहल क्वचित पण पुरेशी लांबलचक.

पायरी ८ : तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलाशी आकड्यांत बोला

'तुझ्या शिक्षणासाठी आमच्याकडे इतके असतील, त्यापुढे शिष्यवृत्ती किंवा कर्ज लागेल' हे मुलाला वेळेत सांगा. अठराव्या वर्षी प्रवेशाचं पत्र हातात असताना हे कळणं फार क्लेशाचं असतं. सूर मात्र जपा: 'तुझ्यासाठी आम्ही फिरणं सोडलं' हे वाक्य कधीही तोंडून जाऊ देऊ नका. ते ऋण मूल आयुष्यभर वाहतं. याच वयात एका सहलीचं पूर्ण अंदाजपत्रक त्याच्या हाती देऊन बघा. ठरलेल्या रकमेत प्रवास, मुक्काम आणि जेवण बसवताना त्याला पैशाची मर्यादा जितकी कळते तितकी आपल्या बोलण्यातून कळत नाही.

उशीर झाला असेल तर

मूल बारा-तेरा वर्षांचं झालं आणि फीच्या खात्यात फारसं काही नाही, अशी पुष्कळ घरं असतात. तेव्हा आधी ध्येय बदला: पूर्ण खर्चाऐवजी पहिल्या दोन वर्षांची फी रोख तयार ठेवायची, पुढच्या वर्षांची तेव्हाच्या मासिक कमाईतून आणि काही भाग कर्जातून. सहली थांबवू नका, जवळ आणा. अपराधी वाटून निवृत्तीचे पैसे मोडू नका, आणि उशीर भरून काढायला जोखमीच्या गुंतवणुकीत उडीही घेऊ नका.

दोन मुलं असतील तर त्यांची कॉलेजची वर्षं एका रेघेवर मांडून बघा. दोन वर्षांचं अंतर आणि चार वर्षांचा अभ्यासक्रम असेल, तर मधली दोन वर्षं दोन्ही फी एकदमच भराव्या लागतात. त्या दोन वर्षांत मोठी सहल ठेवायचीच नाही. ती थोरलं मूल घर सोडण्याआधीच्या सुट्टीत करून घ्या.

शेवटची तीन वर्षं

फी जवळ आली की वाढीपेक्षा सुरक्षितता मोठी. पैसे शेअर बाजाराशी जोडलेले असतील, तर प्रवेशाच्या साधारण तीन वर्षं आधीपासून ते टप्प्याटप्प्याने मुदत ठेवीसारख्या स्थिर जागी हलवा. बाजार नेमका प्रवेशाच्या वर्षी कोसळला, तर सावरायला वेळ नसतो. सगळी फी पहिल्याच दिवशी भरायची नसते, हेही ध्यानात घ्या: पहिल्या वर्षाची रक्कम पूर्ण सुरक्षित हवी, चौथ्या वर्षाची आणखी थोडा काळ वाढत राहू शकते.

या वर्षांतल्या एखाद्या सहलीत मुलाला आवडलेल्या कॉलेजचं गाव घ्या. तिथे दोन दिवस राहा, वसतिगृह बघा, खाणावळीत जेवा, बसने फिरा. राहण्या-खाण्याचा जो आकडा पहिल्या पायरीत अंदाजाने मांडला होता, तो आता खरा घालून हिशेब पुन्हा करा.