सगळ्यात भारी सेंटर कोण, यावर नीट भांडायचं कसं

एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, तिच्या फायनल्स आपल्याकडे सकाळी सहाला सुरू होतात. म्हणजे पहिला हाफ घरी चहाबरोबर, तिसरा क्वार्टर ठाणे-वाशी लोकलमध्ये रबाळे ते तुर्भे अडकत अडकत, आणि ऑफिसला पोचेपर्यंत ग्रुपवर कोणीतरी पिल्लू सोडलेलं असतं की निकोला योकिच ऑल टाइम टॉप थ्री सेंटर (बास्केटजवळ खेळणारा, बहुतेक वेळा टीममधला सगळ्यात उंच गडी) आहे, पटत नसेल तर बोला. मग काय, सगळेच बोलतात. एक जण म्हणतो बिल रसेलची ११ टायटल बघ, दुसरा म्हणतो विल्ट चेंबरलेनचे एका मॅचमधले १०० पॉइंट बघ, तिसऱ्याने फक्त शॅक, म्हणजे शकील ओ'नील बघितलाय त्यामुळे तो शॅक शॅक करत बसतो, आणि संध्याकाळपर्यंत हे तिघं एकमेकांशी भांडतच नसतात खरं तर, कारण तिघांचे प्रश्नच वेगळे असतात.

तर पहिलं काम हे, की नाव घ्यायच्या आधी प्रश्न ठरवा. अख्खं करिअर कोणाचं भारी? का एक सिरीज (एकाच टीमशी जास्तीत जास्त सात मॅचची लढत) जिंकायचीय तर आपल्या टीममध्ये कोण पाहिजे? का आपापल्या काळात बाकीच्या जगाच्या किती पुढे होता? हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी येतात. करिअर म्हटलं की करीम अब्दुल-जब्बार. एक सिरीज म्हटलं की हकीम ओलाजुवॉन नाहीतर शॅक. काळाच्या पुढे म्हटलं की रसेल, विल्ट, आणि अगदी मागे गेलात तर जॉर्ज मायकन. समोरच्याकडून हे आधी वदवून घ्या, ग्रुपवर असेल तर लिहून घ्या, कारण अर्ध्यात हरायला लागला की तो हमखास प्रश्न बदलतो. आमच्याकडे नेरुळला कोर्टवर साधा नियम आहे, मध्येच प्रश्न बदलला तर सगळ्यांचा कटिंग त्याच्याकडून.

दुसरं, सेंटर म्हणजे कोण तेही आधीच ठरवून टाका, नाहीतर शेवटी कोणीतरी टिम डंकन काढतो. पाच टायटल, डिफेन्स खतरनाक, आणि करिअरच्या उत्तरार्धात बराच वेळ सेंटरलाच खेळला हेही खरं. पण सुरुवातीची दोन टायटल, १९९९ आणि २००३ ची, डेव्हिड रॉबिन्सन सेंटरला असताना फॉरवर्ड, म्हणजे सेंटरच्या जोडीला खेळणारा, म्हणून आलीयत. माझ्या मते तो फॉरवर्ड. तुम्हाला सेंटर वाटत असेल तर घ्या, पण पहिल्या मिनिटाला घ्या, विसाव्या मिनिटाला नाही.

आता आकडे. इथेच सगळ्यात जास्त फसवाफसवी चालते म्हणून जरा थांबून सांगतो. एनबीएने ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं) मोजायला सुरुवात केली १९७३-७४ च्या सीझनपासून. रसेल १९६९ ला रिटायर, विल्ट १९७३ ला. म्हणजे हकीमचे ३,८३० ब्लॉक हा रेकॉर्ड आहे तो मोजायला लागल्यानंतरचा रेकॉर्ड आहे, त्यावरून रसेलपेक्षा हकीम चांगला शॉट ब्लॉकर असं सिद्ध होत नाही, उलटंही होत नाही. तसंच फायनल्स एमव्हीपी, म्हणजे फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस. कोणी म्हणालं की रसेलकडे एकही फायनल्स एमव्हीपी नाही, तर शांतपणे विचारा की हे बक्षीस सुरू कधी झालं. १९६९. रसेलचं शेवटचं वर्ष, आणि ते पहिलं बक्षीस मिळालं हरलेल्या टीमच्या जेरी वेस्टला. २००९ पासून त्या ट्रॉफीला नावच बिल रसेलचं आहे. हा मुद्दा ज्याने काढला तो नंतर बराच वेळ गप्प बसतो.

विल्टचे आकडे तर वेगळंच प्रकरण आहे. १९६१-६२ मध्ये मॅचमागे ५०.४ पॉइंट. मिनिटं किती खेळला, ४८.५, आणि मॅच असते ४८ मिनिटांची! ओव्हरटाइम धरून ही सरासरी, म्हणजे भाऊ बेंचवर बसलाच नाही. त्याच सीझनला २ मार्च १९६२ ला हर्शी गावात निक्सविरुद्ध १०० पॉइंट. त्यातली एक गोष्ट लोक सांगत नाहीत ती म्हणजे त्या रात्री त्याने ३२ पैकी २८ फ्री थ्रो (फाऊल झाल्यावर मिळणारे मोकळे शॉट) बास्केटमध्ये टाकले. हा तोच माणूस ज्याचं करिअरचं फ्री थ्रो जेमतेम ५१ टक्के आहे. त्या वर्षी तो दोन्ही हातांनी खालून, गुडघ्यातून उचलून फ्री थ्रो मारायचा, चालत होतं, आणि तरी नंतर सोडून दिलं कारण दिसायला बरं दिसत नाही म्हणे. आता बोला.

पण हे सगळं सांगून झाल्यावर समोरचा हुशार असेल तर विचारेल की मग त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, कोण? रसेल. ५०.४ वाला नाही, रसेल. आणि तेव्हा एमव्हीपीसाठी मतं पत्रकारांची नसायची, खेळाडूंचीच असायची, म्हणजे ज्यांना रोज या दोघांसमोर उभं राहायचं होतं त्यांनी हा निकाल दिलाय. शिवाय त्या काळात खेळ भयानक फास्ट, एकेक टीम मॅचमध्ये शंभराच्या वर शॉट मारायची, त्यातले निम्म्याहून जास्त हुकायचे, मग रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) पण ढिगाने पडलेले असायचे. म्हणून २५ रिबाउंड ऐकून लगेच पाया पडू नका. जुने आकडे त्याच वर्षीच्या बाकीच्यांशी लावून बघायचे, ब्रॅडमनचे ९९.९४ आपण कोहलीशी नाही, त्याच्या काळातल्या बाकीच्या बॅट्समनशी लावून बघतो तसे.

याचा उलटा गडी म्हणजे "तेव्हा समोर प्लंबर खेळायचे" वाला. हा प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, ठाण्यात तर जास्तच. त्याला सांगायचं की १९६१-६२ ला लीगमध्ये टीमच नऊ होत्या. म्हणजे विल्टला वर्षातून कितीतरी वेळा रसेलच समोर यायचा, आजच्यासारखं महिनाभर दुबळ्या टीम मिळाल्या आणि आकडे फुगवले असं नव्हतं. आणि मग करीमला पुलासारखा वापरा. करीम १९६९ ला आला, विल्टविरुद्ध खेळला, १९७२ च्या प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) विल्टच्या लेकर्सकडून हरला. तोच करीम १९८९ पर्यंत खेळत होता, हकीमविरुद्ध खेळला, १९८६ च्या वेस्ट फायनलमध्ये (मुख्य फायनलच्या आधीची फेरी) हकीमच्या रॉकेट्सकडून ४-१ हरला. म्हणजे विल्ट प्लंबरांमध्ये मोठा असेल तर करीमही तसाच, आणि करीम खोटा असेल तर म्हातारपणीसुद्धा तो हकीमच्या काळात ऑल-स्टार कसा होता? यावर त्याच्याकडे उत्तर नसतं, विषय बदलतो. तो बदलू द्यायचा नाही.

टायटल मोजणाऱ्याला हरवणं सोपं आहे. टायटलच मोजायची तर रॉबर्ट हॉरीकडे सात आहेत आणि करीमकडे सहा, मग हॉरी मोठा का? पण इथे अति करू नका हां. रसेलची ११ टायटल नुसती टीम चांगली होती म्हणून उडवून लावता येत नाहीत. १३ सीझन, त्यातली फक्त दोन वर्षं हुकली, १९५८ ला फायनलमध्येच त्याचा घोटा दुखावला आणि १९६७ ला विल्टच्या सिक्सर्सनी काढलं. गेम सेव्हन, म्हणजे सिरीज ठरवणारी सातवी मॅच, दहा वेळा खेळला, दहाच्या दहा जिंकला. १९६२ च्या फायनलच्या गेम सेव्हनमध्ये ३० पॉइंट आणि ४० रिबाउंड. शेवटची दोन टायटल तर स्वतःच कोच असताना जिंकली. म्हणून मी त्याला कधीच तिसऱ्याच्या खाली नेत नाही, कोणी काही म्हणा.

माझा आवडता निकष मात्र वेगळाच आहे आणि तो कोणी काढत नाही. नियम कोणामुळे बदलले? मायकनमुळे १९५१ ला बास्केटखालचा पट्टा ६ फुटांवरून १२ फूट केला. विल्टमुळे १९६४ ला १२ चा १६ केला. करीम कॉलेजला असताना १९६७ ला कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंकच (उडी मारून बॉल वरून बास्केटमध्ये कोंबणं) बंद करून टाकला, १९७६ पर्यंत बंद होता, आणि त्याच्यामुळेच केला असंच सगळे मानतात. मग त्याने काय केलं, तर हुक शॉट घासून घासून असा केला की पुढची वीस वर्षं कोणाला थांबवता आला नाही.

तो हुक शॉट, म्हणजे स्कायहुक, समजून घ्यायचा असेल तर व्हिडिओ बघून नाही, संध्याकाळी सोसायटीच्या कोर्टवर करून बघा. बास्केटकडे तोंड करायचं नाही, आडवं उभं राहायचं, डावा खांदा बास्केटकडे. डावा हात कोपरात वाकवून डिफेन्डर आणि तुमच्यामध्ये. बॉल उजव्या हातात, हात शरीरापासून लांब बाहेरून सरळ वर न्यायचा, कान आणि दंड जवळजवळ चिकटले की मनगटाने सोडायचा. आता मित्राला ब्लॉक करायला सांगा. त्याला बॉलपर्यंत पोचायला आधी तुमचं अख्खं शरीर पार करावं लागतं, आणि इथे तर मारणारा ७ फूट २ इंच. अवघड काय आहे तर बॉल एका हातात, डोळ्यांपासून लांब, त्यामुळे आपले बाहेर कुठेतरी पार्किंगमध्ये जातात. करीमने असे मारून मारून ३८,३८७ पॉइंट केले, तो रेकॉर्ड लेब्रॉनने २०२३ ला मोडला. सहा एमव्हीपी, आजपर्यंत कोणाकडेच नाहीत एवढे. आणि १९८५ ची फायनल काढायला विसरू नका. ३८ वर्षांचा करीम, पहिल्या मॅचला बॉस्टनने ३४ पॉइंटनी धुतलं, सगळे म्हणाले संपला म्हातारा, दुसऱ्या मॅचला ३० पॉइंट, १७ रिबाउंड आणि सिरीज संपली तेव्हा फायनल्स एमव्हीपी तोच. पहिला फायनल्स एमव्हीपी १९७१ चा होता.

एका सिरीजचा प्रश्न आला की मी हकीम काढतो. १९९४ ला एकाच सीझनमध्ये एमव्हीपी, बेस्ट डिफेन्डर आणि फायनल्स एमव्हीपी, हे दुसऱ्या कोणाला जमलेलं नाही. समोरून लगेच येणार की बुल्सचा मायकल जॉर्डन तेव्हा बेसबॉल खेळायला गेला होता म्हणून. बरं. १९९५ ला जॉर्डन मार्चमध्ये परत आला, बुल्सना ऑर्लँडोने हरवलं, आणि त्या ऑर्लँडोला, ज्यात तरुण शॅक होता, रॉकेट्सनी फायनलमध्ये ४-० ने साफ केलं. त्याआधी रॉबिन्सनच्या सॅन अँटोनियोला हरवलं. रॉबिन्सनला त्या वर्षीचा एमव्हीपी मिळाला, ट्रॉफी घरच्या लोकांसमोर दुसऱ्या मॅचच्या आधी हातात दिली, आणि त्याच मॅचमध्ये हकीमने ४१ मारले. हकीमची ती ड्रीम शेक नावाची हुलकावणी बघाच, खांदा इकडे, बॉल तिकडे, रॉबिन्सन हवेत, आणि तो खाली यायच्या आत हकीम त्याच्या बगलेतून पुढे. लागोसमध्ये हँडबॉल खेळून आलेले पाय आहेत ते.

शॅकवाल्याला काय सांगायचं? काही नाही, २००० ते २००२ सलग तीन फायनल्स एमव्हीपी, २००० च्या फायनलमध्ये मॅचमागे ३८ पॉइंट, यापेक्षा जास्त ताकदीचा सेंटर बघितलेला नाही हे मान्य करून टाका. फक्त एक विचारा, दोन मिनिटं राहिलीयत, एक पॉइंटने पुढे आहोत, बॉल याच्या हातात देणार का? ५२.७ टक्के फ्री थ्रो. समोरचे मुद्दाम फाऊल करतात. तो हसेल पण उत्तर देणार नाही.

मोझेस मेलोनचं नाव कोणीच घेत नाही, तुम्ही घ्या, भाव वाढतो. तीन एमव्हीपी आहेत त्याचे, आणि १९८३ च्या प्लेऑफमध्ये त्याची सिक्सर्स टीम १३ पैकी १२ मॅच जिंकली. आणि कोणी "हा तर सगळ्यांपेक्षा भारी झाला असता" असा सूर लावला तर तिथे खरा हकदार अर्विदास सबोनिस. १९८६ ला ड्राफ्ट झाला (एनबीए टीमने नवा खेळाडू म्हणून निवडला) पण खेळायला आला १९९५ ला, तेव्हा तिशी उलटलेली आणि पाय गेलेले. त्याचा मुलगा २०१९ ला पेसर्सबरोबर वरळीच्या डोममध्ये आला होता, आपल्यातले बरेच जण तिकिटाची किंमत बघून घरीच बसले तो विषय वेगळा.

राहिला योकिच. ४१ व्या नंबरला ड्राफ्ट, २०२१, २०२२, २०२४ चे एमव्हीपी, २०२३ ला टायटल, आणि २०२४-२५ ला अख्ख्या सीझनची सरासरी ट्रिपल डबल (पॉइंट, रिबाउंड आणि बास्केट करून देणारे पास, तिन्ही मॅचमागे दहा किंवा जास्त), जे आधी एकाही सेंटरने केलं नव्हतं. पासिंगमध्ये या यादीतला कोणीही त्याच्या जवळपास नाही, यावर भांडूच नका. भांडायचं असेल तर डिफेन्सवर भांडा, कारण वरचे बहुतेक सगळे बास्केट राखायचे आणि हा राखत नाही, आणि टायटल अजून एकच आहे. माझी करिअरची यादी करीम, रसेल, हकीम, शॅक, विल्ट, मग मोझेस. योकिचला आत्ता मी मोझेसच्या बरोबरीने धरतो, अजून एक टायटल आलं की विल्टला खाली सरकावं लागेल, आणि विल्टवाले माझ्याशी बोलणं बंद करतील ते चालेल.